दहा हजारांचं स्थळ आणि चाळीस पौंडांची मुलगी

तुम्ही विचारलंय: दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या, लग्न आणि वारसाहक्काभोवती फिरणाऱ्या त्या खुसखुशीत प्रेमकादंबऱ्या लोक पुन्हा पुन्हा का वाचतात? शेवटी लग्न होणार हे तर पहिल्या पानावरच कळतं.

कळतं, कबूल. पण मी बँकेत कर्ज विभागात नोकरी केली, आणि मला या पुस्तकांची गोडी प्रेमापायी नाही, हिशेबापायी लागली. बायकोकडचं जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) एकदा प्रवासात हाती लागलं. त्यात डार्सी नावाचा तरुण नाचाच्या समारंभात येतो आणि पाच मिनिटांच्या आत सगळ्या दालनाला त्याचं उत्पन्न ठाऊक होतं: वर्षाला दहा हजार पौंड. आम्हाला तेवढ्यासाठी तीन वर्षांची रिटर्न्स मागवावी लागायची!

ज्या घरात त्याची सोयरीक जुळायची आहे, त्या बेनेटांकडे दोन हजार उत्पन्नाची इस्टेट, पाच मुली, मुलगा नाही. इस्टेट दस्ताने अशी बांधून ठेवलेली की ती पुरुष वारसाकडेच जाणार. बापाला ती मुलींच्या नावे करता येत नाही. मुलगा झाला असता तर तो सज्ञान झाल्यावर बापलेकांनी मिळून हे बंधन मोडलं असतं. त्या न जन्मलेल्या मुलाच्या भरवशावर बेनेटसाहेबांनी काही शिल्लकच टाकली नाही. असे खातेदार मी पुष्कळ पाहिलेत.

मग इस्टेटीचा भावी मालक, कॉलिन्स नावाचा पाद्री, पाहुणा म्हणून येतो आणि बेनेटांच्या मुलीला, एलिझाबेथला, मागणी घालतो. मागणी घालतानाच सांगतो की आईच्या पश्चात तुझ्या वाट्याला चार टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांतले हजार पौंड येतील, पण त्यावरून मी तुला कधी बोल लावणार नाही. हजाराचे चार टक्के म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. ती त्याला नकार देते तेव्हा त्या नकाराची किंमत वाचकाला पैपर्यंत माहीत असते. शेवट ठाऊक असला तरी तिथे माझा श्वास अडकतोच. तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट दोनच दिवसांत त्याच कॉलिन्सला होकार देते. तिला लोक नावं ठेवतात, मी नाही ठेवत.

कारण चुकीला माफी नव्हती. लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची व्हायची, हे इंग्लंडात १८८२ च्या कायद्यापर्यंत कुठे नीट बदललं. आणि १८५७ पर्यंत पूर्ण घटस्फोट हवा तर पार्लमेंटचा खास कायदा करून घ्यावा लागे.

आता विनोद. ज्याचा हिशेब सगळे मनात करतात ते तोंडाने उघड बोलायचं नाही, तिथे तो जन्मतो. जेन ऑस्टिनच्याच 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं (१८११) दुसरं प्रकरण वाचा. जॉन डॅशवुडने मरणाऱ्या बापाला शब्द दिलाय की सावत्र आईकडे आणि तीन सावत्र बहिणींकडे मी बघेन. तो ठरवतो, प्रत्येकीला हजार पौंड. बायको म्हणते, आपल्या एवढ्याशा हॅरीच्या तोंडचा घास काढणार? मग पाचशे. मग आईला तहहयात वर्षाला शंभर. छे, असं काही लावून दिलं की माणसं मरतच नाहीत! मग अधूनमधून पन्नास. शेवटी ठरतं की सामान हलवायला मदत करायची आणि हंगामात मासळी, शिकार असं काही पाठवायचं. तीन हजारांवरून मासळीवर, आणि वाटेत दोघांपैकी एकानेही वाईट शब्द उच्चारलेला नाही. उलट प्रत्येक पायरीवर दोघं आणखी समंजस होत जातात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खो खो हसलो. दुसऱ्यांदा वाचताना हसू अर्ध्यावर थांबलं. वडील गेल्यावर आमच्या ताईने हक्कसोडपत्रावर सही केली होती. महाराष्ट्रात १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क आहे, हे मला नोकरीमुळे चांगलं ठाऊक होतं. सुरुवातीला मीही म्हणालो होतो, ताईला काहीतरी द्यायला हवं. मग घरात बोलणी झाली. सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव लागलं आणि ताईला पैठणी घेतली. आमची मासळी ती.

असो. दुसरं आकर्षण बोलण्याचं. तरुण मुलामुलीला एकांत मिळत नसे. नाचाची एक फेरी म्हणजे अर्धा तास, तोही चारचौघांत. कांदेपोह्यांनंतर गच्चीवर जेवढा वेळ मिळतो तेवढाच. मग प्रत्येक वाक्याला दोन मजले करावे लागतात, वरचा आईबापांसाठी, खालचा समोरच्यासाठी.

ऑस्टिन स्वतःच्या काळाबद्दल लिहीत होती. तोच काळ मागे वळून रंगवला जॉर्जेट हेयरने, विसाव्या शतकात. तिच्या 'कोटिलियन'मध्ये (१९५३) एक कंजूष म्हातारा आपण सांभाळलेल्या मुलीला सांगतो की माझ्या नात्यातल्या तरुणांपैकी एकाशी लग्न केलंस तरच इस्टेट तुझी. सगळ्यांत देखणा उमेदवार मुद्दाम येतच नाही. पुढचं सांगत नाही. पण माझं लाडकं 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' (१९६१). बापाच्या कर्जात बुडालेला उमराव एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या साध्यासुध्या मुलीशी पैशासाठी लग्न करतो, प्रेम दुसरीवर. वॉटर्लूच्या लढाईच्या वेळी बाजार कोसळतोय, सासरा म्हणतोय विक, आणि जावई सरकारी रोखे विकत घेतो! कादंबरीतला सर्वांत रोमांचक प्रसंग बँकेशी संबंधित असावा, यापेक्षा मला काय हवं? बायकोला मात्र हे पुस्तक रुक्ष वाटतं.

खटकतं तेही सांगतो. हेयरच्या 'द ग्रँड सोफी'मधला ज्यू सावकार इतक्या द्वेषाने रंगवलाय की ती पानं वाचवत नाहीत. 'ब्लॅक शीप'चा नायक हिंदुस्थानातून गबर होऊन परततो. ते पैसे कोणाचे, हे कोणी विचारत नाही. ऑस्टिन वारली १८१७ च्या जुलैत, आणि त्याच नोव्हेंबरात इकडे खडकीची लढाई झाली. आपण हरलो ती.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर ते डॅशवुडांचं दुसरं प्रकरण, सुटं वाचलं तरी चालतं. गेल्या दिवाळीत मी ते ताईला मराठीत सांगितलं. भाऊबीजेचं ताट बाजूलाच होतं. ती डोळ्यांत पाणी येईतो हसली, मग म्हणाली, "पैठणीचा काठ मात्र छान होता हो."