कॅरम खेळायला जायचे नाही म्हणणारा मुलगा

कोथरूडमधील एक आई माझ्याकडे आल्या त्या एकच शंका घेऊन: आठ वर्षांच्या मुलाशी लैंगिक अत्याचाराविषयी बोलले, तर त्याच्या मनात कायमची भीती बसणार नाही का? (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलींचे पालक हा प्रश्न निदान विचारतात, मुलग्यांच्या बाबतीत तो सहसा सुचतच नाही. वास्तविक केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्या मुलांमध्ये मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते.

बोलण्याच्या ओघात त्या म्हणाल्या, की आजोबांच्या एका स्नेह्यांकडे कॅरम खेळायला जायला तो हल्ली तयार नसतो आणि आजी त्याला ‘मोठ्यांना नाही म्हणू नये’ असे बजावतात. अशा नकारामागे अत्याचारच असतो असे नव्हे, परंतु तो उद्धटपणा समजून मोडून काढला, तर कारण कधीच कळत नाही. ‘त्यांनी तुला हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न टाळावेत, रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘तिथे तुला काय आवडत नाही?’ एवढेच विचारावे आणि मग गप्प राहावे, असे मी त्यांना सुचवले. हे गप्प राहणेच पालकांना सर्वांत जड जाते.

तिसऱ्या रात्री तो बोलला. तिथे जे होत होते ते, त्या स्नेह्यांच्या शब्दांत, ‘आपल्या दोघांचे गुपित’ होते म्हणे. वाढदिवसाची गंमत चार दिवसांनी सर्वांना कळते, पण कुणालाच कधीही सांगू नकोस असे मोठ्या माणसाने बजावले, तर ते आईबाबांना सांगायचेच, हा फरक पाच वर्षांच्या मुलालाही समजतो आणि तो समजल्याने मूल घाबरत नाही. त्या आईंनी मात्र ‘आधी का नाही सांगितलेस?’ हा ओठावर आलेला प्रश्न गिळला, ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी काही चूक नाही’ एवढेच म्हटले, आणि माझ्या मते निम्मे काम तिथेच झाले.

वडिलांना प्रकरण घरातच मिटवायचे होते. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, माझ्यावरही, हे मी स्पष्ट केले; मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा (चाइल्ड हेल्पलाइन) १०९८ हा क्रमांकही दिला. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो, हे कळल्यावर त्यांचा विरोध मावळला.

पुढच्या भेटीला आजीही आल्या. आता पाहुण्यांना पापी द्यायची नाही, मांडीवर बसायचे नाही, मग मुलाने वळण कसे शिकायचे, असे त्यांनी विचारले. नमस्कार लांबूनही करता येतो, असे मी म्हणाले. त्यांना ते फारसे पटलेले दिसले नाही.