पेटंटच्या कामात जुना आणि नवा मसुदा ताडून बघायला सॉफ्टवेअर वापरावं का? वर्डचं ट्रॅक चेंजेस पुरत नाही का?

वापराच, आणि नुसत्या ट्रॅक चेंजेसवर विसंबू नका. तुम्ही लिहिलंय की एका पेटंट एजंटकडे नुकतेच लागलात, काजूबिया फोडायच्या मशीनच्या अर्जावर एफईआर, म्हणजे पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल, आलाय आणि क्लेम, म्हणजे शोधातल्या कशावर हक्क हवा ते सांगणारी वाक्यं, बदलून उत्तर द्यायचंय. मी रत्नागिरीत बसून हेच काम करतो, माझ्याकडे येणारी माणसंही अशीच, काजू-कोकम-आंबा प्रक्रियेची छोटी युनिटं चालवणारी, बहुतेकांचा उभ्या आयुष्यात एकच अर्ज असतो, म्हणून या बाबतीत मी फार कडक आहे.

ट्रॅक चेंजेस म्हणजे ते चालू असताना काय काय बदललं त्याची नोंद. मधेच कोणी ते बंद केलं, किंवा क्लायंटने व्हॉट्सॲपवरची जुनीच फाइल उघडून त्यात दुरुस्त्या करून पाठवल्या, की नोंद अर्धवट राहते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. कंपेअर ही वेगळी सोय, ती असलं काही बघत नाही, दोन तयार मजकूर समोरासमोर ठेवून फरक काढते. वर्डमध्ये रिव्ह्यूखाली आहे, लिबरऑफिस रायटरमध्येपण आहे. फक्त फाइलमध्ये आधीचे ट्रॅक चेंजेस शिल्लक असतील तर वर्ड ते सगळे मान्य झालेत असं धरून पुढे जातं, तेव्हा ते आधी निस्तरून घ्या.

आता ताडायचं कशाशी? तर पेटंट ऑफिसात जे दाखल झालंय त्या पीडीएफशी, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ‘फायनल’ नावाने पडलेल्या फाइलशी नाही. पीडीएफमधून मजकूर काढला की ओळी तुटतात, पान नंबर मधेच घुसतात, स्कॅन असेल तर ०.५ मिमीचं ५ मिमी होऊन बसतं, म्हणून हा कचरा आधी साफ करायचा आणि आकडे तरी पीडीएफ समोर ठेवून डोळ्यांनी वाचायचे. मी नवे क्लेम एकदा मूळ दाखल प्रतीशी ताडतो आणि मधे दुरुस्ती झाली असेल तर सध्या रेकॉर्डवर असलेल्या क्लेमशी पुन्हा एकदा. शिवाय पेटंट नियम २००३ च्या नियम १४ प्रमाणे बदल दाखवणारी प्रत द्यावी लागते, तर तिच्यातले सगळे बदल मान्य करून ती स्वच्छ प्रतीशी ताडायची, फरक शून्य आला पाहिजे. एक स्वल्पविराम जरी वेगळा निघाला तरी तो कुठून आला ते शोधल्याशिवाय मी फाइल सोडत नाही.

पण सॉफ्टवेअर बदल कुठे आहे तेवढंच सांगतं, तो चालेल की नाही हे तुम्हीच ठरवायचं. पेटंट कायद्याच्या कलम ५९ नुसार नवा क्लेम आधीच्या क्लेमच्या व्याप्तीच्या आतच बसला पाहिजे आणि मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे दाखल केलेल्या शोधाच्या वर्णनात, जे सांगितलेलंच नाही ते आत आणता येत नाही. पूर्ण परिच्छेद लाल दिसतो आणि प्रत्यक्षात फक्त क्रम बदललेला असतो, आणि कुठेतरी ‘अँड’च्या जागी ‘ऑर’ एवढाच लाल ठिपका असतो पण त्याने क्लेम रुंद होतो. लाल रंग किती आहे त्यावरून कधीच अंदाज बांधू नका.

याहून धोकादायक म्हणजे जे बदलायला हवं होतं आणि बदललं नाही ते, कारण तिथे कंपेअर गप्प बसतं! क्लेम ३ काढला, पुढचे नंबर वर्डने आपोआप सरकवले, पण ‘क्लेम ५ नुसार’ हे हाताने टाइप केलेलं तसंच राहिलं. किंवा वर्णनात पात्याचा नंबर १२ आणि ड्रॉइंगमध्ये १४. ड्रॉइंग तर चित्रच असतं, मजकुराची तुलना त्याला हातच लावत नाही.

एफईआरच्या उत्तरात बहुतेक वेळा आपण एखादा अवलंबून असलेला (‘क्लेम १ नुसार’ असं म्हणून त्यात भर घालणारा) क्लेम पहिल्यात मिसळतो, तुमच्या केसमध्येही तेच होईल असं वाटतं. तेव्हा सॉफ्टवेअर एका जागी मजकूर गेला आणि दुसऱ्या जागी नवा आला एवढंच दाखवतं, दोन्ही अक्षरशः एकच आहेत का हे बघितलंच जाईल असं नाही. म्हणून जुन्या क्लेमचा तो तुकडा आणि पहिल्यात घातलेला तुकडा वेगळ्या दोन फाइलींत टाकून ताडा. मला विचाराल तर एवढ्या एका सवयीचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

डिफ हे दोन फाइलींतला फरक दाखवणारं सॉफ्टवेअर तुम्ही कॉलेजात कोडसाठी वापरलं असेल. ते १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये हंट आणि मॅकइलरॉय यांनी बनवलं, ओळीनुसार चालतं आणि कोडला ते ठीकच आहे, पण क्लेम म्हणजे एकच लांबलचक वाक्य, त्यामुळे एक शब्द हलला तरी अख्खा क्लेम बदललेला दिसतो. शब्दागणिक फरक दाखवणारं काहीतरी घ्या, विनमर्ज नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीच्या आतला फरकही दिसतो.

प्रोव्हिजनल (आधी दाखल केलेलं तात्पुरतं वर्णन) आणि कम्प्लीट (नंतरचं पूर्ण वर्णन) ताडायला तर हे फारच कामाचं. मधल्या १२ महिन्यांत माणूस मशीन सुधारतो आणि मे महिन्यात कुठल्यातरी कृषी मेळाव्यात चालवूनही दाखवतो. सुधारलेला भाग प्रोव्हिजनलमध्ये नसेल तर त्या क्लेमला तारीख कम्प्लीटची मिळते, आणि मेळावा त्याच्या आधीचा, म्हणजे नावीन्याचाच प्रश्न उभा राहतो. दोन्ही ताडली की नवीन काय आलंय ते लगेच वेगळं दिसतं आणि क्लायंटला वेळेत नीट विचारता येतं.

फुकटच्या वेबसाइटवर मात्र मसुदा अजिबात चढवू नका. अर्ज साधारण १८ महिने प्रसिद्ध होत नाही आणि तोवर ते गुपित क्लायंटने आपल्या भरवशावर सोपवलेलं असतं. लॅपटॉपवरचंच सॉफ्टवेअर वापरा, पावसाळ्यात नेट गेलं तरी काम अडत नाही.

तुमच्या केसपुरतं सांगायचं तर उत्तर द्यायला एफईआरच्या तारखेपासून सहा महिने आहेत. नियम १४ च्या निवेदनात बदलाचा पान आणि ओळ नंबर लिहावा लागतो, तो सगळ्यात शेवटी, पीडीएफ तयार झाल्यावरच भरा, कारण वर्डमधून पीडीएफ करताना ओळी सरकतात. आधी भरून ठेवलात तर परत सगळं तपासावं लागेल.