शब्बाथ शाळेतील लहान मुलांना प्रार्थना शिकवताना

शब्बाथ शाळेतील, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गातील, पाच-सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग आपण प्रथमच हाती घेत आहात, म्हणून अनुभवाने पटलेले सांगते. प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, पाठ करून घेण्यापासून सुरुवात करू नका. आधी बार्तीमयाची गोष्ट सांगा. बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातला हा आंधळा भिकारी यरीहोच्या वाटेवर बसून येशूला हाका मारतो, लोक त्याला गप्प बसवू पाहतात आणि तो अधिकच मोठ्याने ओरडतो. इथे मुलांनाही खुशाल ओरडू द्या. मग थांबून, येशूने त्याला विचारलेला प्रश्न हळू आवाजात प्रत्येकाला विचारा: मी तुझ्यासाठी काय करावे? माझ्या वर्गातल्या एका मुलाने डोळे घट्ट मिटून, शर्टाचे टोक मुठीत धरून, आजीचा खोकला थांबू दे, एवढेच म्हटले. ती प्रार्थनाच होती. तिची भाषा सुधारण्याचा मोह मी आवरला.

त्यानंतर लूकच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायातली, मध्यरात्री झोपलेल्या शेजाऱ्याकडे तीन भाकरी मागणाऱ्या मित्राची गोष्ट घ्या. मात्र देव झोपमोड झाल्यामुळे कुरकुरणाऱ्या शेजाऱ्यासारखा आहे, असा समज होऊ देऊ नका, कारण त्याच अध्यायात येशू पुढे, मुलाने अंडे मागितले असता विंचू न देणाऱ्या बापाचे उदाहरण देतो.

मागूनही मिळाले नाही, असे कोणी म्हटले तर घाईने समजूत घालू नका. गेथशेमाने बागेत, अटक होण्याआधी, येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली आणि तो टळला नाही, हे मुलांना सोप्या शब्दांत सांगता येते. ती शांतपणे ऐकतात. प्रभूची प्रार्थना यानंतर घ्या, दर रविवारी एकच ओळ.