शाळेच्या खिचडीत गावचीच भाजी: काय लावावे, किती लावावे?

प्रश्न: आम्ही भाजीपाला करणाऱ्या सात-आठ शेतकऱ्यांचा, त्यात चार ताईंचा, गट आहे. गावच्या शाळेत पहिली ते पाचवीची 120 आणि सहावी ते आठवीची 80 मुले आहेत. पोषण आहाराची भाजी आठवडी बाजारातून येते आणि आमची भाजी टेम्पोने तालुक्याला जाते. ती थेट शाळेला देता येईल का? त्यासाठी काय लावावे?

उत्तर: जरूर द्या. आहार शाळेतच शिजत असेल तर भाजीची खरेदी सहसा गावपातळीवरच होते. त्यामुळे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या ताई यांना एकत्र बसवून बोला. आठवडी बाजारची भाजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुकून जाते. तुमची भाजी सकाळी तोडली की दुपारी मुलांच्या ताटात असेल, हे त्यांना सांगा.

आधी गरज मोजा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम भाजी, असे प्रमाण ठरलेले आहे. तुमच्या शाळेत दोन्ही गटांचे सहा-सहा, म्हणजे रोज 12 किलो होतात. हा आकडा लहान आहे आणि नेमकी इथेच शेतकरी गटांची चूक होते: सगळे मिळून एकदम अर्धा एकर मेथी टाकतात, ती एकाच आठवड्यात काढणीला येते आणि पुढे महिनाभर शाळेला द्यायला काहीच नसते. पालकाचे चांगले पीक गुंठ्याला साधारण 100 किलो निघते. म्हणून पालेभाजी एकेका गुंठ्यात, दर दहा-बारा दिवसांनी, आळीपाळीने टाका. मेथीला गुंठ्याला 250 ते 300 ग्रॅम बी पुरते आणि ती महिन्याभरात तयार होते. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत काढणी येणार नाही, अशी पेरणीची तारीख मागे मोजून धरा.

जून ते ऑगस्टमध्ये मात्र पालेभाजीवर भिस्त ठेवू नका. पावसात ती चिखलाने भरते, सडते आणि 200 मुलांसाठी निवडताना ताईंची सकाळ जाते. माझे मत विचाराल तर या दिवसांसाठी लाल भोपळ्यासारखे पीक नाही. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला भोपळा मेपर्यंत पिकतो आणि पूर्ण पिकलेला, देठासह काढलेला भोपळा कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने टिकतो. खिचडीत, आमटीत तो विरघळून जातो, त्यामुळे भाजी बाजूला काढणारी मुलेही खातात. जोडीला भेंडी आणि दुधी ठेवा. बांधावर शेवगा लावाच. त्याच्या पाल्यात लोह आणि कॅल्शियम भरपूर असते आणि मूठभर कोवळा पाला डाळीत सहज जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचे. भेंडी, वांग्याची तोडणी एक-दोन दिवसाआड होते आणि आज फवारून उद्या तोडण्याची सवय अनेकांना आहे. हा माल सहा वर्षांच्या मुलाच्या पोटात जाणार आहे, त्यामुळे इथे कसलीही सूट नको. शाळेसाठीचे वाफे वेगळे राखा. तिथे पिवळे चिकट सापळे लावा, किडकी फळे तोडून नष्ट करा आणि कीड दिसू लागताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून एकूण 100 लिटर करायचे. कधी रासायनिक औषध मारावेच लागले तर त्या पिकासाठी शिफारस असलेलेच घ्या. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत, ते लेबलवर लिहिलेले असते. तेवढे दिवस त्या वाफ्यातली भाजी शाळेत जाता कामा नये, मग गटातल्या दुसऱ्याने पुरवठा करावा. फवारणीची तारीख आणि औषधाचे नाव एका वहीत लिहा आणि ती वही मुख्याध्यापकांना पाहू द्या.

दराबाबत ताणू नका. एका मुलामागचा खर्च ठरलेला असतो आणि शाळेला त्यातच सगळे बसवायचे असते. किरकोळ आणि घाऊक भावाच्या मधला एक दर महिन्यासाठी ठरवा. हमाली, अडत आणि टेम्पोचे भाडे वाचते, हे हिशेबात धरा. प्रत्येक वेळी वजन करून सहीची पावती घ्या.

सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस भाजी द्या. महिनाभर एकही खाडा न होता माल पोहोचला, तर बाकीच्या दिवसांचे बोलणे करा.