वाचकांचे प्रश्न : जुन्या टायरांचे करायचे काय?

मृगाच्या तोंडावर या सदराकडे बहुधा बियाणे, खते आणि पीकविम्याची पत्रे येतात. या वेळी मात्र जुन्या टायरांविषयीची पत्रे एकापाठोपाठ आली. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात माझी सगळी नोकरी हिवताप आणि डेंग्यू नियंत्रणाच्या कामात गेल्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. म्हणून या अंकाची जागा त्यालाच देत आहे.

प्रश्न : आमच्याकडे दोन ट्रॅक्टर आणि एक ट्रॉली आहे. आठ-दहा वर्षांत बदललेले अकरा टायर गोठ्यामागे कुटाराच्या ढिगाला लागून पडलेले आहेत. बंडीला किंवा ट्रॉलीला कधी लागतील म्हणून ठेवले आहेत. ते नीट कसे ठेवावेत? (एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : ठेवण्याआधी आपण त्यांची वाटणी करावी, असे मी सुचवेन. ज्या टायराची बाजू फाटलेली नाही, आतला धागा किंवा तार उघडी पडलेली नाही आणि रिमवर बसणारी तारेची कडी वाकलेली नाही, तो टायर बंडीला किंवा रिमोल्डला, म्हणजे झिजलेल्या टायरावर नवे रबर चढवायला, जाऊ शकतो. बाकीचे सगळे भंगार समजावे. ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेले बहुतेक टायर कधीच लागत नाहीत, हे मी घरोघरी पाहिले आहे. आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडतात आणि तसा टायर भरल्या ट्रॉलीखाली घालणे म्हणजे रस्त्यावर अपघाताला बोलावणे होय. अकरांपैकी दोन-तीन ठेवावेत आणि बाकीचे पाऊस सुरू होण्याआधी काढून टाकावेत.

जे ठेवाल ते छपराखाली, पाण्याचा थेंब पोहोचणार नाही अशा कोरड्या जागी ठेवावेत. टायराची घडणच अशी आहे की तो उभा ठेवला, आडवा ठेवला किंवा भिंतीला टेकवला, तरी पावसाचे पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. उचलून ओतला तरी पोकळीत घोटभर पाणी उरतेच. त्या पाण्यात पाला कुजतो, आत दिवसभर सावली असते, आणि डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला याहून सोयीची जागा सापडत नाही. या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टायराच्या ओलसर आतल्या बाजूला अंडी चिकटवते. ती काळी, तिळापेक्षाही बारीक असतात, त्यामुळे काळ्या रबरावर ती डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी आटले तरी ही अंडी कित्येक महिने कोरडी टिकतात आणि पुढच्या पावसात पाणी चढले की फुटतात. म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही. आतली बाजू ताठ ब्रशने किंवा नारळाच्या शेंडीने घासून काढावी लागते. ओतलेले पाणी नालीत न टाकता तापलेल्या कोरड्या मातीवर टाकावे, म्हणजे अळ्या तिथेच मरतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात, आणि आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा आग्रह आरोग्य कर्मचारी धरतात तो याच हिशेबाने.

एक प्रसंग सांगतो, कारण तो माझ्याही चुकीचा आहे. एका गावात चार घरांत एकाच आठवड्यात तापाचे रुग्ण निघाले. आम्ही तीन दिवस रांजण, टाक्या, कूलर, गुरांची पाण्याची टाकी असे सगळे तपासले. हाताला फारसे काही लागले नाही. गावातल्या शाळेच्या अंगणात बागेला कुंपण म्हणून लाल, पिवळे रंग दिलेले टायर अर्धे जमिनीत गाडलेले होते. त्यांच्याजवळून मी रोज जात होतो आणि शोभेची वस्तू म्हणून त्यांच्याकडे पाहतही नव्हतो. चौथ्या दिवशी एका टायरात बॅटरीचा उजेड टाकला, तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावर उलट्या लटकलेल्या अळ्या उजेड पडताच वळवळत तळाशी गेल्या. पळीने ते पाणी पांढऱ्या वाटीत घेतले तर एका वाटीत मोजता येणार नाहीत इतक्या अळ्या होत्या. मुले त्याच टायरांवर बसून डबा खात होती. त्या दिवसापासून कोणत्याही अंगणात मी सर्वांत आधी टायर शोधतो.

ज्या टायराला छप्पर मिळणार नाही त्याला भोके पाडावीत, असे सांगितले जाते आणि ते योग्य आहे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भोक पाडलेला टायर पुन्हा बंडीला किंवा रिमोल्डला चालत नाही, म्हणून भोके फक्त भंगारातल्या टायरालाच पाडावीत. दुसरे असे की एक भोक पाल्याने लगेच बुजते. टायर ज्या स्थितीत राहणार आहे त्या स्थितीत त्याचा सर्वांत खालचा भाग कोणता हे पाहून तिथे अंगठा जाईल एवढी चार-पाच भोके पाडावीत. ताडपत्री झाकायची असेल तर ती मध्ये उंच आणि कडांना उतरती ठेवावी. सैल ताडपत्रीला झोळ पडतो आणि त्या झोळातच पाणी साचते. जळके ऑइल ओतण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्याने पृष्ठभागावरच्या अळ्या मरतात खऱ्या, पण ते ऑइल पुढच्या सरीबरोबर मातीत आणि विहिरीच्या दिशेने जाते; शिवाय कडेची अंडी तशीच राहतात. पाणी काढणे शक्यच नसेल, तर उपकेंद्रातील आरोग्य सेवकाकडून टेमिफॉस हे अळीनाशक टाकून घ्यावे.

आता जागेविषयी. कुटाराचा ढीग आणि टायर यांचा शेजार मला सर्वांत जास्त धोक्याचा वाटतो. टायर उन्हाने आपोआप पेटत नाही. त्याला पेटायला बाहेरची मोठी आच लागते. पण आपल्याकडे उन्हाळ्यात शेताचे धुरे, म्हणजे बांध, पेटवले जातात, पऱ्हाट्या आणि तुराट्या अंगणात रचलेल्या असतात, वादळात डीपीवर ठिणग्या उडतात. कुटार पेटले की ती आच टायरांना मिळते, आणि एकदा पेटलेला टायर पाण्याने सहज विझत नाही, कारण त्याच्या पोकळीत हवा असते आणि पाण्याचा फवारा आतल्या जळत्या भागापर्यंत पोहोचत नाही. कॅनडातील हेगर्सव्हिल येथे १९९० साली सुमारे १ कोटी ४० लाख टायरांचा साठा पेटला, तो १७ दिवस जळत होता. आपले टायर अकराच असले तरी आगीची रीत तीच असते. तेव्हा टायर गोठा, कुटार, घर, विहीर आणि विजेच्या तारा या सगळ्यांपासून दूर, गवत काढलेल्या मोकळ्या जमिनीवर, कमरेपेक्षा उंच न रचता ठेवावेत. आग लागलीच, तर न पेटलेले टायर आधी बाजूला ओढावेत आणि जळणाऱ्यांवर माती किंवा रेती टाकून त्यांची हवा तोडावी. मोठी आग असेल तर धुरात न शिरता ११२ वर फोन करावा.

ढीग हलवताना काठीने ठोकून घ्यावे; टायराच्या पोकळीत विंचू आणि साप आसरा घेतात. आणि ज्यांच्याकडे मुरघासाच्या खड्ड्यावरच्या प्लास्टिकला वजन म्हणून टायर ठेवले जातात त्यांनी हे जरूर पाहावे की झिजलेल्या टायरातून बारीक तारा सुटून चाऱ्यात पडत नाहीत ना. जनावर ती तार गिळते, ती दुसऱ्या पोटात, म्हणजे जालिकेत, अडकते आणि पुढे हृदयापर्यंत टोचत जाते. दुभती गाय अशा तारेने गेलेली मी पाहिली आहे.

प्रश्न : फाट्यावर माझे पंक्चरचे दुकान आहे. ग्राहक जुना टायर सोडून जातात. आता दीडशेच्या वर झाले आहेत. ते ठेवायला परवाना लागतो का? एक माणूस ‘तेल काढण्याच्या’ कारखान्यासाठी घेऊन जातो म्हणतो, त्याला द्यावेत का? (एक दुकानदार, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : केंद्र सरकारने २१ जुलै २०२२ रोजी घातक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर विस्तारित उत्पादक जबाबदारी, म्हणजे वापरून झालेल्या टायरांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी, टाकली. दोन वर्षांपूर्वी जितके टायर त्यांनी बाजारात आणले, त्याच्या ३५ टक्के वजनाइतकी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी २०२२-२३ मध्ये, ७० टक्के २०२३-२४ मध्ये आणि २०२४-२५ पासून पूर्ण १०० टक्के त्यांच्याकडे आली. ही जबाबदारी या कंपन्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन पुरी करतात. या नियमांत नोंदणीचे बंधन उत्पादकांवर आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांवर आहे. पंक्चरच्या दुकानदारावर नाही. परंतु साठ्यामुळे डास झाले, आग लागली किंवा रस्ता अडला, तर भारतीय न्याय संहितेतील सार्वजनिक उपद्रवाच्या आणि निष्काळजीपणाच्या तरतुदी आपल्याला लागू होतातच. दीडशे टायर उघड्यावर पावसात ठेवणे हे माझ्या मते आजच थांबवण्यासारखे आहे.

‘तेल काढणे’ म्हणजे टायरला हवेविना तापवून त्यातून तेल, काजळी आणि तार वेगळी करणे. ही प्रक्रिया मुळात बेकायदा नाही. पण जिथे ती झाकपाक करून, धूर रोखण्याची यंत्रणा न बसवता चालते, तिथे आजूबाजूच्या वस्तीला आणि आत काम करणाऱ्या मजुरांना फार सोसावे लागते. म्हणून घेणाऱ्याकडे दोन कागद मागावेत : कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेले संमतीपत्र, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरील पुनर्प्रक्रिया करणारा म्हणून झालेली नोंदणी. मंडळाची प्रादेशिक कार्यालये नागपूर, अमरावती आणि चंद्रपूर येथे आहेत. शंका आली तर तिथे विचारून घेता येते. ‘कागद नंतर दाखवतो’ म्हणणाऱ्या आणि रात्रीच गाडी भरणाऱ्या माणसाला टायर देऊ नयेत. रिमोल्डवाले आणि रबराचा चुरा करणारे कारखाने हेही घेणारे आहेत. हा चुरा डांबरात मिसळून रस्त्यांसाठी वापरला जातो. देताना तारीख, नग, अंदाजे वजन, गाडीचा क्रमांक आणि घेणाऱ्याची सही एका वहीत ठेवावी. उद्या आपलाच टायर कुठल्या नाल्याकाठी सापडला, तर ही वही आपल्या बाजूने बोलेल.

यापुढे ग्राहकालाच जुना टायर परत न्यायला सांगावे, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. तो टायर मग वावराच्या धुऱ्यावर पडतो आणि कोणाच्याच नजरेत राहत नाही. आपल्याकडे जमणे बरे, फक्त टिनाचे एक साधे छप्पर घालावे आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या आत माल हलवावा. पोहोचवताना टायर कोरडे असावेत हेही पाहावे, कारण चिकटलेली अंडी टायराबरोबर प्रवास करतात. आशियातला एडिस आल्बोपिक्टस हा डास १९८५ साली अमेरिकेच्या टेक्सासमध्ये आढळला, तो जुन्या टायरांच्या व्यापारातून तिथे गेला असे मानले जाते. समुद्र ओलांडून जाऊ शकतो तर आर्वीहून वर्ध्याला जाणे काय कठीण आहे?

प्रश्न : गावाजवळच्या वीटभट्टीवर रात्री टायर जाळतात. सकाळी अंगणात काजळी पडलेली असते, माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. तक्रार कोठे करावी? (एक ग्रामपंचायत सदस्य, ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : ताई, आपण लिहिले हे फार चांगले केले. टायरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, बेंझिन आणि कर्करोगाशी संबंध असलेली अनेक संयुगे असतात, आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास सर्वांत आधी होतो. उघड्यावर टायर जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने २०१४ साली मनाई केली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार, आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला २५ हजार रुपये भरपाई लावली. आपण सदस्य आहात, तेव्हा पहिले पाऊल आपल्याच हातात आहे : ग्रामसभेत किंवा मासिक सभेत ठराव घेऊन भट्टीमालकाला लेखी कळवावे. त्याने ऐकले नाही, तर ठरावाची प्रत आणि तारीख-वेळेसह काढलेले फोटो जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावी. एक प्रत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना द्यावी, कारण उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश देण्याचा अधिकार त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार आहे. पोच घेतल्याशिवाय कोणताही अर्ज देऊ नये. भट्टीवरच्या मजुरांची मुले त्याच धुरात झोपतात, हेही अर्जात लिहावे.

प्रश्न : जागलीला, म्हणजे रात्री पीक राखताना, रानडुकरे येऊ नयेत म्हणून वावरात टायर पेटवून ठेवतो. हेही चुकीचे का? (एक शेतकरी, ता. काटोल, जि. नागपूर)

उत्तर : होय. रानडुकरांनी एका रात्रीत पीक उधळलेले मी पाहिले आहे, त्यामुळे आपली अडचण मला समजते. पण त्या आगीशेजारी रात्रभर आपणच बसलेले असता आणि सर्वांत जास्त धूर आपल्याच छातीत जातो. सकाळी उरलेली राख जस्ताने भरलेली असते, तारा नांगरात आणि बैलाच्या खुरात जातात. पिकाच्या नुकसानीची भरपाई वन विभागाकडून मिळते. त्यासाठी नुकसान दिसताच वन परिक्षेत्र कार्यालयाला लेखी कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवावे.

प्रश्न : टायरात माती भरून भाजीपाला लावला तर चालेल का? (एक गृहिणी, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : फुलझाडे लावावीत. खाण्याच्या भाज्यांसाठी मी टायर वापरणार नाही, कारण उन्हात झिजणाऱ्या रबरातून जस्त आणि इतर द्रव्ये मातीत उतरतात. माती भरताना वरच्या कडेखालच्या पोकळीतही ती हाताने दाबून बसवावी. बहुतेक जण मधला खड्डा भरतात आणि ती पोकळी रिकामी सोडतात. पाणी तिथेच साचते.