पावती कपाटात का लपवली?

प्रश्न : घरकर्जाचे हप्ते वेळेवर जातात, सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक बाजूला आहे. तरी परवा आकाश बघायला दुर्बीण घेतली आणि पावती कपाटात लपवली. घरात रागावणारं कोणी नाही, मलाच चोरी केल्यासारखं वाटतंय. काय करू?

उत्तर : आधी पावती बाहेर काढा, वॉरंटीसाठी लागेल! मीही बरीच वर्षं अशीच जगले. हौसेनं जलरंग घेतले आणि ‘जपून’ वापरता वापरता नळ्या वाळून गेल्या. पैसेही गेले, चित्रंही झाली नाहीत. तेव्हापासून पगार झाला की आधी बचत वळती करते, मग पाच टक्के वेगळ्या खात्यात. त्या खात्याचा हिशेब मी कुणाला देत नाही, स्वतःलाही नाही.

२०१७चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर याला ‘मानसिक हिशेब’ म्हणतात. पैसा एकच, पण मन त्याचे कप्पे पाडतं. तुमच्याकडे मौजेचा कप्पाच नाही, म्हणून दुर्बीण घरकर्जाच्या कप्प्यातून आल्यासारखी वाटते. कप्पा रिकामा झाला की मात्र थांबायचं. क्रेडिट कार्डाची उसनवारी मुळीच नको.

आणि अमावास्या कधी आहे ते बघून ठेवा. चंद्र नसला की तारे जास्त दिसतात.