ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जुळवायची भोकांची पाटी) फझ सर्किट (गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारं) जोडलं, पण गिटारपेक्षा घूंऽऽ आवाजच मोठा येतो. काय चुकलं असेल?

आधी अ‍ॅडॉप्टर काढा आणि ९ व्होल्टची बॅटरी लावा. स्वस्त अ‍ॅडॉप्टरची खरखर थेट आवाजात उतरते. आमच्या परभणीत तर लाईट गेली, अँप इन्व्हर्टरवर गेला की वेगळीच घरघर सुरू होते. तेव्हा मी सर्किटला शिव्या देणं थांबवतो.

बॅटरीवरही घूं राहिली तर ग्राउंड, म्हणजे सर्किटची सामाईक शून्य व्होल्टची जोडणी, बघा. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या पट्ट्या बऱ्याचदा मधोमध तुटक असतात. वरून कळत नाही, मल्टिमीटरची पिप वाजते का ते तपासा. दोन्ही जॅकचं ग्राउंड एकाच पट्टीवर आणा. इनपुटची वायर आखूड आणि आउटपुटपासून लांब ठेवा, नाहीतर गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) वाढवला की शिट्टी.

आणि ज्यात माझा अख्खा रविवार गेला ते: परदेशी आकृतीत २एन३९०४ ट्रान्झिस्टर असतो, आपल्याकडे दुकानात बीसी५४७ हातावर ठेवतात. चालतो, पण पाय उलटे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी५४७ चे डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. उलटा बसवला तरी थोडा आवाज येतो, म्हणूनच चूक लवकर सापडत नाही.